जामदाराची पाल आणि दोन राजांची घोंगडी

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राज्यांच्या सीमा दगड रोवून नव्हे तर गुरे कुठवर चरतात यावरून ठरत, तेव्हा एका डोंगराच्या दोन अंगांना दोन राज्ये होती. एक वरचे, थंड वाऱ्याचे. दुसरे खालचे, नदीकाठचे. मधल्या खिंडीत एक हिरवेगार कुरण होते, आणि त्या कुरणापायी दोन्हीकडची माणसे पिढ्यानपिढ्या एकमेकांची डोकी फोडत आली होती.

एकदा दोन्ही राजे सैन्य घेऊन खिंडीत समोरासमोर उभे ठाकले असताना गारांचा असा मारा सुरू झाला की घोडे उधळले, शिपाई वाट फुटेल तिकडे पळाले आणि दोन राजे एका कपारीत कुडकुडत उरले. तिथे एक मेंढपाळ बसला होता. त्याच्यापाशी घोंगडी एकच होती. तो म्हणाला, "दोघंही आत या. एकट्याला मिळणार नाही."

राजे एका घोंगडीखाली खांद्याला खांदा लावून बसले. गारा थांबेपर्यंत करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून ते कुरणाविषयी बोलले. बोलता बोलता तह झाला.

तेव्हापासून रीत पडली. दोहोंपैकी कुठल्याही राज्यात नवा राजा गादीवर आला की दोन्ही राजांनी खिंडीत जायचे, त्याच घोंगडीखाली बसायचे आणि तह पुन्हा तोंडाने बोलायचा. तो कुठे लिहिलेला नव्हता. धुराचा आणि मेंढ्यांचा वास येणारी, पांढऱ्या काठाची ती काळी घोंगडी हाच तह होता.

तिच्यासोबत आणखी एक रीत आली. मेंढपाळाने कोणालाही बाहेर थांबवले नव्हते. म्हणून वरच्या राज्यातून आलेला आहेर उंबऱ्याबाहेर थांबवायचा नाही. आला की थेट आत. या रीतीने कधी कोणाचे नुकसान झाले नव्हते, कारण वरून येत त्या तलवारी, चांदीची भांडी नाहीतर मधाचे बुधले.

घोंगडी खालच्या राज्याच्या जामदारखान्यात असे. राजघराण्यातली जुनी वस्त्रे, शस्त्रे, चित्रे आणि पोथ्या जिथे जपून ठेवत ती ही इमारत, आणि जो जपे तो जामदार.

ही गोष्ट ज्या जामदाराची आहे तो म्हातारा होता आणि भारी विद्वान होता. लाकूड कोण पोखरते, कागद कोण खाते, लोकरीत अळी कशी वाढते, यावर जगात जे काही लिहिले गेले ते त्याने वाचले होते. इतके वाचले होते की त्याची कशावरच खात्री उरली नव्हती. कुलूप लावून तो घराकडे निघे, अर्ध्या वाटेवरून परत फिरे आणि कुलूप ओढून पाही.

"अहो, लागलंय कुलूप," बायको दारातून ओरडे. घर समोरच होते. "तुम्ही ओढलंत, ते करकरलं, त्या आवाजानं कुत्रं भुंकलं. अख्ख्या गल्लीला कळलं. आता जेवायला या."

"खिडकीची फट पाहिली नाही."

"फट तिथंच आहे. ती काही पळून जात नाही. भात गार होतोय."

तो येई, जेवायला बसे आणि हात वाळायच्या आत पुन्हा उठे.

पण त्याच्या या अस्वस्थपणामुळेच जामदारखाना सुरक्षित होता. आत तो दिवा नेऊ देत नसे, फुले वाहू देत नसे, प्रसादाचा कण सांडू देत नसे. दसऱ्याला शस्त्रांची पूजा व्हायची ती अंगणात, आणि अक्षतेचा शेवटचा दाणा वेचल्याशिवाय तलवार परत आत जात नसे. नवी कुठलीही वस्तू आली की तिला आधी बाहेरच्या ओसरीत मुक्काम. तिथे तिला ऊन द्यायचे, पांढऱ्या चादरीवर झटकायचे, काय पडते ते वाकून पाहायचे. काहीच पडले नाही तरी पुन्हा काही दिवसांनी झटकायचे. कारण अंडे झटकून पडत नाही; त्याला अळी व्हायला वेळ द्यावा लागतो. आत ठेवलेल्या वस्त्रांची तर रोज एक पेटी तो उघडी, घडी मोडी आणि वेगळ्या जागी घडी घाली. लोक त्याला पाठीमागे 'झटक्या जामदार' म्हणत. कधी कधी समोरही म्हणत.

जामदारखान्यात त्याची एक सोबतीण होती. भिंतीवरची पाल. काटकीसारखी बारीक, आणि जिभेची तिखट.

"म्हाताऱ्या," ती म्हणे, "तुझ्या राज्यात माझे हाल आहेत. एक झुरळ नाही, एक पाकोळी नाही. अंगणात जाऊन पोट भरावं लागतं."

"तुझ्या बरगड्या दिसतात हेच माझं बक्षीस," जामदार म्हणे. ते खरेच होते. राजाने शाबासकी दिली तरी त्याला वाटे, महाराजांना काय कळते. पण पालीच्या बरगड्या पाहिल्या की त्याला थोडा वेळ बरे वाटे. थोडाच वेळ.

मग म्हातारा राजा वारला आणि त्याचा तरुण मुलगा गादीवर यायचा ठरला. पावसाळा संपला की राज्याभिषेक, आणि त्यानंतर खिंडीत घोंगडीखाली बैठक.

पावसाळ्याच्या तोंडावरच वरच्या राज्याचा वकील आहेर घेऊन आला. वकील म्हणजे एका राजाचे बोलणे दुसऱ्याच्या दरबारात मांडणारा. हाही वयस्क, शांत माणूस होता. त्याच्या माणसांनी खांद्यावरून एक लोकरीचा गालिचा उतरवला. लाल, त्यावर पांढरे हरीण.

"आमच्या महाराजांच्या मातोश्रींनी हा स्वतः विणला," वकील म्हणाला. "त्या आता नाहीत. त्यांच्या हातचं एवढंच उरलं आहे. महाराजांचं सांगणं आहे, घोंगडी ज्या पेटीत आहे त्याच पेटीत, तिला लागून हा ठेवावा. दोन्ही घरांची लोकर एकत्र राहू दे."

सगळ्यांचे डोळे पाणावले. जामदाराची नजर मात्र गालिच्याच्या लोकरीवर खिळली. लोकर! जुनी, न जाणो किती वर्षे बंद पडलेली. तो पुढे झाला आणि हलक्या आवाजात प्रधानाला म्हणाला, "हा आधी ओसरीत ठेवावा म्हणतो. थोडे दिवस."

प्रधानाने त्याला बाजूला ओढले. "जामदार, डोकं ठिकाणावर आहे ना? वरच्या राज्याचा आहेर उंबऱ्याबाहेर? त्यांच्या आईच्या हातचा? पाहुण्याला दारात उभं करून त्याच्या डोक्यात उवा आहेत का हे बघण्यासारखं आहे ते!"

"पण लोकर आहे, आणि पावसाळा..."

"काही दिसलं तुम्हाला त्यात?"

"दिसलं नाही."

"मग?"

जामदाराने मनात विचार केला. खरेच, मग काय? ओसरीचा नियम कुठल्या राजाने घातला होता? तो त्याचाच होता. रीत सगळ्या राज्याची, आणि नियम एका घाबरट म्हाताऱ्याचा. कुलूप लागलेले असते आणि आपण पुन्हा ओढून पाहतो. तसेच हेही असेल. त्याने मान हलवली आणि बाजूला झाला.

गालिचा पेटीत गेला, घोंगडीला अगदी लागून. पेटीवर दोन्ही राज्यांच्या लाखेच्या मोहोरा बसल्या. आता ती उघडायची ती खिंडीतच.

पाऊस लागला. भिंती ओल धरू लागल्या. आणि जामदाराला जेवण गोड लागेना.

पेटी उघडता येत नव्हती, म्हणून पेटीभोवती करता येईल ते सगळे तो करू लागला. कडुनिंबाचा पाला बदलला. वेखंडाच्या पुरचुंड्या बांधल्या. कापूर ठेवला, मग कापराचा लाखेला काही अपाय होईल या भीतीने काढला, मग पुन्हा ठेवला. बाकीच्या पेट्या तो रोज उघडी, झटके. पण घोंगडीच्या पेटीपाशी आला की नुसता फडका फिरवी. कधी झाकणाला कान लावून बसे. अळीच्या खाण्याचा आवाज येत नाही हे त्याने स्वतःच कितीदा लोकांना सांगितले होते, तरी कान लावी.

"राजाला जाऊन सांगा की," बायको म्हणाली. "घरभर फिरून माझं डोकं का फिरवता?"

"काय सांगू? काही दिसलेलं नाही."

"मग दिसत नाही हेच सांगा."

"हसतील."

"एरवी काय रडतात? झटक्या म्हणतात तुम्हाला. मी ऐकते, तुम्हीही ऐकता. अजून काय म्हणायचं राहिलंय?"

तो उठून खिडकी बंद करून आला. खिडकी बंदच होती.

असाच पावसाळा सरत आला. एके दिवशी दुपारी जामदार फडका घेऊन भिंत पुसत होता, आणि वरून काहीतरी थपकन खाली पडले. पाल होती. तिला भिंतीला धरून राहता आले नव्हते.

जामदाराने पाहिले आणि त्याच्या हातातला फडका गळाला. पाल लठ्ठ झाली होती. पोट जमिनीला टेकत होते. बरगड्यांचा पत्ता नव्हता.

"हे काय?" त्याने विचारले.

"काय म्हणजे? बाळसं धरलं," पाल म्हणाली.

"कशावर?"

"पाकोळ्या. भुरकट, लहानशा. चवीला बऱ्या आहेत, जरा पिठूळ लागतात. त्या मोहोरांच्या पेटीच्या फटीतून निघतात."

जामदार तिच्यापाशी खाली बसला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. इतके दिवस माझ्याकडे नजर वर करून पाहिलंस तरी का? आणि खरं सांगू? जन्मात पहिल्यांदा घरबसल्या मिळत होतं. ताट वाढलेलं असताना कोण बोलतं?"

"खाऊन तरी संपवल्यास का त्या?"

"उडतात त्या खाते मी. पण म्हाताऱ्या, उडणारी पाकोळी लोकर खात नाही. खाते ती आतली अळी, आणि तिथं माझं तोंड पोचत नाही. हे तुलाच माहीत. तूच मला सांगितलं होतंस." पालीने मान तिरकी केली. "मी पोटासाठी गप्प राहिले. तू कशासाठी?"

जामदाराकडे याचे उत्तर होते, आणि ते त्याला आवडले नाही. हसे होईल म्हणून. नाव जाईल म्हणून. तो उठला, अंगरख्याला हात पुसले आणि दरबाराकडे चालू लागला. या वेळी कुलूप ओढून पाहायचे तो विसरला.

दरबारात तरुण राजा, प्रधान आणि तो वकील राज्याभिषेकाच्या तयारीचे बोलत बसले होते. वकिलाला पाहून जामदार दारातच थबकला; पण मागे फिरलो तर पुन्हा येणे होणार नाही, एवढे त्याला स्वतःबद्दल ठाऊक होते.

"महाराज, घोंगडीची पेटी उघडावी लागेल. आज. ऊन आहे तोवर. आत कसर लागली आहे असं वाटतं."

प्रधान उसळला. "वाटतं! सोहळा तोंडावर आला आणि यांना वाटतं! महाराज, यांना सावलीतही किडे दिसतात."

तरुण राजाने हात वर केला. लहानपणी तो याच म्हाताऱ्याच्या ओसरीत खेळला होता. "आजोबा, खात्री आहे?"

"नाही," जामदार म्हणाला. "माझी कशाचीच खात्री नसते. पाकोळ्या निघताहेत एवढं कळलं आहे. आत किती खाल्लं, काय उरलं, ठाऊक नाही. कदाचित काहीच झालं नसेल, आणि दोन राजांच्या मोहोरा मी फुकट मोडायला लावल्या असं होईल. पण महाराज, खात्री होईपर्यंत थांबलो तर मोहोरा शाबूत राहतील आणि आत घोंगडी नसेल."

मग वकील हळूच म्हणाला, "आमची मोहोर मोडायला माझी हरकत नाही."

अंगणात पांढरी चादर अंथरली. पेटी उघडली. गालिचा उचलला तसे लाल लोकरीचे झुपके हातात आले. हरणाचे एक अंग नाहीसे झाले होते. चादरीवर पांढरट अळ्या पडल्या, वाळूसारखी विष्ठा पडली, कोषांच्या रिकाम्या पुंगळ्या पडल्या. मग जामदाराने घोंगडी उलगडली. काठ धड होता. पण मधोमध, ताट बसेल एवढे, भोक पडले होते. त्यातून पलीकडचे आभाळ दिसत होते.

शिपायांत कुजबुज सुरू झाली. "वरच्यांनी मुद्दाम पाठवलं," एकजण म्हणाला. "तह खायला किडे पाठवले!" वकिलाच्या एका माणसाचा हात तलवारीकडे गेला. "आमच्या राणीसाहेबांचा गालिचा यांच्या ओलीत कुजला, आणि आळ आमच्यावर?"

प्रधानाने घसा साफ केला. त्याच्या डोळ्यांत जामदाराला सुटका दिसली. दोष वर ढकलला की खाली कोणाचाच उरत नाही.

जामदार घाईघाईने मधे आला. "थांबा. कसर कोणत्याच राज्याची नसते. लोकर दिसली की ती आपली म्हणते. ही गालिच्यातून आली, हे खरं. पण त्या दिवशी मला शंका आली होती, आणि मी ती गिळली. गालिचा ओसरीत राहिला असता तर कसर ओसरीतच कळली असती. हरीणही वाचलं असतं आणि घोंगडीही. आत घेणारा मी आहे. काय बोलायचं ते मला बोला."

तलवारीवरचा हात तिथेच राहिला. वकील चादरीपाशी खाली बसला आणि त्याने हरणाच्या उरलेल्या पायावरून बोट फिरवले.

"मातोश्री गेल्या," तो म्हणाला, "त्या दिवशी महाराजांनी हा पेटीत ठेवला. पुन्हा कोणाला उघडून बघवलं नाही. आम्हाला वाटलं, न उघडणं म्हणजेच जपणं." त्याने जामदाराकडे पाहिले. "तुम्ही ओसरीत ठेवतो म्हणाला होतात. मी ऐकलं होतं. मीही गप्प बसलो. वाटलं, आपण बोललो तर आपल्याच राजाचा अपमान."

प्रधान खाली पाहू लागला.

तो सगळा दिवस आणि त्यापुढचे कितीतरी दिवस जामदारखान्यातली एकूण एक लोकरीची वस्तू उन्हात आली. पेटीशेजारच्या शालींत अळ्या नुकत्याच शिरल्या होत्या, त्या वाचल्या. जुन्या राजाचा अंगरखा वाचला. गालिच्याचा अर्धा भाग वाचला. घोंगडीचे भोक भोकच राहिले. ते रफू करायचे का, यावर दरबारात वाद झाला. "नको," तरुण राजा म्हणाला. "काय झालं ते दिसू दे."

ठरल्या दिवशी दोन्ही राजे खिंडीत गेले. वरचा राजा उतारवयाचा, मानी. त्याने घोंगडी पाहिली, भोक पाहिले, आणि वकिलाने आधीच सगळे कळवले होते म्हणून फक्त मान हलवली. मागे गर्दीत जामदार उभा होता, आणि मनात म्हणत होता की एवढे भोक, एका माणसाच्या गप्प बसण्याचे.

खिंडीत वारा सुसाट होता. दोघे राजे आधीच्या राजांसारखे घोंगडीखाली बसले, तसा वारा बरोबर मधल्या भोकातून आत घुसू लागला. वरचा राजा कुडकुडला. "सरक की जरा इकडे," तो तरुण राजाला म्हणाला. तरुण राजा सरकला. तरी वारा येईच. शेवटी दोघे एकमेकांना इतके चिकटून बसले की भोक त्यांच्या खांद्यांनीच बुजले. त्या पहिल्या गारपिटीनंतर कुठलेही दोन राजे इतके जवळ बसले नव्हते, असे जुनी माणसे सांगत.

तह पुन्हा बोलला गेला, आणि त्यात एक नवे वाक्य आले. दोन्ही राज्यांत आलेली प्रत्येक भेट आधी ओसरीत ऊन खाईल, मग आत जाईल. आणि यात कोणाचाही अपमान नाही, आपलेपणा आहे.

जामदार पुढेही कुलूप ओढून पाहतच राहिला. बायको ओरडतच राहिली. घोंगडीच्या पेटीवर आता मोहोर नव्हती. ती दर पंधरवड्याला उघडत असे, आणि प्रत्येक वेळी त्या भोकाकडे पाहताना म्हाताऱ्याला गालिचा आला तो दिवस आठवे, जेव्हा तो मान हलवून बाजूला झाला होता. ते दुःख काही गेले नाही. फरक एवढाच पडला की कसली शंका आली की ती आधी तो कोणाला तरी बोलून दाखवी. बहुतेक वेळा ती खोटी निघे. लोक हसत. तोही हसे, आणि मग पांढरी चादर झटकून घडी घाली.

भिंतीवरून पाल म्हणे, "म्हाताऱ्या, पुन्हा बरगड्या दिसायला लागल्या माझ्या."

"दिसू देत," जामदार म्हणे. "जरा उजेडात ये. मोजू दे."

तात्पर्य: मनात आलेली शंका वेळेवर बोलून दाखवली तर ती राखण करते, आणि लाजेपोटी आत कोंडून ठेवली तर तीच कसरीसारखी आतून खात जाते.